तिसरा आकडा

२०२० साली विषाणूला घाबरून घरात बसलेली माणसं जगभर होती, आणि विषाणूवर पैसे लावून घरात बसलेलीही होती. गंमत म्हणजे ती बरेचदा एकच माणसं होती. सकाळी वीस सेकंद साबणाने हात धुवायचे आणि त्या स्वच्छ हातांनी फोन उघडून, झटपट तपासणीचं किट बनवणाऱ्या कुठल्याशा छोट्या कंपनीचा भाव बघायचा, असा त्यांचा दिनक्रम होता.

माझे दाजी त्यांतलेच. ताई आणि दाजी बऱ्याच वर्षांपासून इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळ राहतात. दाजी निवृत्त इंजिनिअर आणि स्वभावाने कमालीचे सावध. वांगी घेताना प्रत्येक वांगं फिरवून, देठ तपासून, छिद्र नाही ना याची खात्री करून घेणारे. या गृहस्थांनी अशा एका कंपनीचे शेअर घेतले, जिचा कारखाना त्यांनी पाहिला नव्हता, माल अजून कुणीच पाहिला नव्हता आणि नफा तर खुद्द कंपनीनेही पाहिला नव्हता. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. ताईने शपथ घातली आहे.

लंडनच्या शेअर बाजाराचं एक धाकटं दालन आहे. त्याला ‘एम’ म्हणतात. १९९५ साली ते लहान, होतकरू कंपन्यांसाठी उघडलं. नियम थोडे सैल, नफ्याची अट नाही. साथ आली तेव्हा तपासणीच्या क्षेत्रातल्या कितीतरी छोट्या ब्रिटिश कंपन्या याच दालनात बसल्या होत्या, आणि एका रात्रीत त्यांच्यावर प्रकाशझोत पडला. यॉर्कशायरमधल्या वेदरबी गावची अवॅक्टा घ्या. प्रतिपिंडांच्या जागी वापरता येतील अशी छोटी प्रथिनं ही तिची खासियत. एप्रिल २०२० मध्ये तिने सायटिवा या मोठ्या कंपनीबरोबर झटपट तपासणीचं किट बनवायचं जाहीर केलं. वर्षाच्या सुरुवातीला वीस पेन्सच्या आत मिळणारा तिचा शेअर इतका वर गेला, की जूनमध्ये कंपनीने नवे शेअर १२० पेन्सने विकून ४ कोटी ८० लाख पौंड उभे केले. किट अजून व्हायचंच होतं. दुसरी कंपनी नोव्हासिट. तिची तपासणी प्रयोगशाळेतली, पीसीआरची. काही पेन्सांना मिळणारा तिचा शेअर त्याच वर्षी दहा पौंडांच्या वर गेला. हिने मात्र खरोखर माल विकला. २०२० ची तिची विक्री २७ कोटी ७२ लाख पौंड होती, आदल्या वर्षीच्या वीसपटीहून जास्त.

असं एक उदाहरण डोळ्यांसमोर घडलं, की उरलेल्या सगळ्या कंपन्या ‘पुढची नोव्हासिट’ होतात. दाजींचीही झाली.

पहिल्या महिन्यात दाजींनी मला फोनवर विज्ञान शिकवलं. पट्टीच्या एका टोकाला थेंब टाकायचा. तो कागदातून पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं भेटतात. थेंबात विषाणूचं प्रथिन असेल तर ती जोडी पुढच्या रेषेवर अडकते आणि रेघ उमटते. त्यापुढची दुसरी रेघ फक्त पट्टी नीट चालली एवढंच सांगते. पंधरा ते तीस मिनिटांत निकाल. घरच्या घरी गर्भधारणा तपासायची पट्टी याच तत्त्वावर चालते. हे सगळं दाजी इतक्या तन्मयतेने सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, निवृत्तीनंतर ते प्रयोगशाळेत रुजू झाले.

मग आले दोन आकडे, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी. खरोखर बाधित असलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना तपासणी पकडते, हा पहिला. खरोखर निरोगी असलेल्या शंभर जणांपैकी किती जणांना ती सुखाने घरी जाऊ देते, हा दुसरा. हे दोन आकडे दाजींना जपमाळेसारखे पाठ झाले होते. आपल्या कंपनीचे, प्रतिस्पर्धी कंपन्यांचे, चिनी मालाचे, कोरियन मालाचे, सगळे. बोलताना ‘कंपनी’ हा शब्द हळूहळू गळाला आणि ‘आपण’ आलं. “आपण आता नाकाऐवजी थुंकीवर काम करतोय.” “आपल्या पट्टीला फ्रिज लागत नाही.” या ‘आपण’मध्ये दाजींचा वाटा किती, तर कंपनी उद्या मोडीत निघाली असती तर स्वागतकक्षातली एक खुर्चीही त्यांच्या वाट्याला आली नसती. पण त्या दिवसांत माणसाला कुठेतरी ‘आपण’ म्हणायला मिळणं, हीच मोठी गोष्ट होती.

लंडनमध्ये कंपन्यांच्या अधिकृत घोषणा सकाळी सातला यायला लागतात आणि बाजार आठला उघडतो. मधला तास हा छोट्या भागधारकाचा ब्राह्ममुहूर्त. हयातभर आठच्या आधी न उठलेले दाजी पावणेसातला चहा घेऊन बसू लागले. ताई म्हणाली, “लग्नाच्या दिवशीसुद्धा यांना तीनदा उठवावं लागलं होतं.” सात वाजता कंपनीची घोषणा आली नाही, की उद्या येणार. शुक्रवारी आली नाही, की सोमवारी नक्की. आणि मधल्या रिकाम्या दिवसांत दाजी कंपनीच्या मौनाचा अर्थ लावत. आपल्याकडे मुलगी बघून गेलेली मंडळी ‘कळवतो’ म्हणून जातात आणि मुलीकडचे लोक पुढचे पंधरा दिवस त्या ‘कळवतो’तला सूर आठवत बसतात, तसं दाजींचं चाललं होतं.

“दाजी, तीन महिने झाले, कंपनी काही बोलतच नाही.”

“तेच चांगलं लक्षण आहे. करार मोठा असला की तोंड बंद ठेवावं लागतं.”

“आणि छोटा असता तर?”

“तर बोलून मोकळे झाले असते.”

“आणि करारच नसता तर?”

दाजींनी थोडा विचार केला. “तर गप्प बसले असते. पण ते गप्प बसणं वेगळं.”

कंपनीने रात्रपाळीच्या कामगारांसाठी जाहिरात दिली, म्हणजे मोठी ऑर्डर आली. जाहिरात काढून टाकली, म्हणजे भरती पूर्ण झाली. संचालकाने शेअर घेतले, म्हणजे त्याला आतलं ठाऊक आहे. संचालकाने विकले, म्हणजे बिचाऱ्याला घर घ्यायचं असेल. भाव चढला तर बातमी फुटली. भाव पडला तर दलाल मुद्दाम झाड हलवतायत, कच्चा माणूस गळून पडावा म्हणून, आणि आपण फांदी घट्ट धरायची. अभ्यासाला लांबण लागली, म्हणजे काम कसून चाललंय. मला दाजींच्या या बुद्धीचं खरंच कौतुक वाटे. तपासणीच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्या मनाची सेन्सिटिव्हिटी शंभर टक्के होती, शुभ चिन्ह कधी हुकलं म्हणून नाही. स्पेसिफिसिटी मात्र शून्य. अशुभ असं काही त्यांना दिसलंच नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांनी सर्वांच्या सरसकट तपासणीची महत्त्वाकांक्षी योजना जाहीर केली. तिचं टोपणनाव ‘मूनशॉट’. बाहेर फुटलेल्या सरकारी कागदांत रोज एक कोटी तपासण्या आणि शंभर अब्ज पौंड खर्च असे आकडे होते. त्या आठवड्यात इंग्लंडात किती वीजबिलांच्या कोऱ्या पाठीवर हिशेब झाले असतील, देव जाणे. एक कोटी गुणिले तीनशे पासष्ट, त्यातला आपला वाटा फार नको, फक्त दहा टक्के, एका पट्टीला अमुक पौंड, भागिले एकूण शेअर. ‘फक्त दहा टक्के’ हे शब्द छोट्या गुंतवणूकदाराच्या विनयाचं प्रतीक असतात. दाजींच्या हिशेबात भाव इतका निघाला, की त्यांनी तो मला फोनवर न सांगता, प्रत्यक्ष भेटीत सांगेन म्हणून राखून ठेवला.

नोव्हेंबरच्या ६ तारखेला लिव्हरपूल शहरात सरसकट तपासणी सुरू झाली. पट्ट्या वापरल्या त्या इनोव्हा कंपनीच्या. कंपनी अमेरिकन, माल चीनमध्ये बनलेला. आणि मग इंग्लंडातल्या छोट्या भागधारकांमध्ये जी लाट उसळली ती पाहून मला आपला इतिहास आठवला. आपल्या देशात बनलेली पट्टी असताना परदेशी माल का, आपले कारखाने का बसवून ठेवता, असं खासदारांना पत्रं लिहिण्यापर्यंत मंडळींची मजल गेली. ज्या देशाच्या कापडावर आपण बहिष्कार घातला आणि पुण्यात १९०५ साली ज्याच्या मालाची होळी पेटली, त्या देशातल्या पेन्शनरांच्या तोंडी स्वदेशीची भाषा आलेली ऐकायला आपले दाजी तिथे हजर होते. नुसते हजर नव्हते, सामील होते. पत्राचा मसुदा त्यांचा होता.

आपल्या पुण्यात त्याच वर्षी वेगळंच घडलं. मायलॅब या कंपनीने पीसीआर तपासणीचं पहिलं भारतीय किट बनवलं आणि मार्च २०२० मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते बनवणाऱ्या चमूच्या प्रमुख मिनल दाखवे-भोसले यांनी १८ मार्चला किट राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे परीक्षणासाठी दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाळंत झाल्या. पुढे मे २०२१ मध्ये याच कंपनीच्या अडीचशे रुपयांच्या, घरी करायच्या झटपट तपासणीलाही मान्यता मिळाली. एवढा रसाळ विषय, तोही गावातलाच, पण कंपनी शेअर बाजारात नव्हती. त्यामुळे सदाशिव पेठेला त्यावर पैसे लावता आले नाहीत आणि नुसता अभिमान बाळगावा लागला. अभिमानात नुकसान होत नाही, हे पुणेकरांना तसंही ठाऊक आहे.

लिव्हरपूलनंतर तीनच दिवसांनी, ९ नोव्हेंबरच्या सोमवारी, फायझरच्या लशीची पहिली मोठी बातमी आली. लस नव्वद टक्क्यांहून जास्त परिणामकारक. जगभर शेअर बाजार उसळले. तपासणीवाल्यांचे भाव मात्र कोसळले, अमेरिकेतल्या क्विडेलसारख्या मोठ्या कंपनीचासुद्धा. त्या संध्याकाळी ताईचा फोन आला.

“घरात सुतक पडल्यासारखं झालंय बघ. मी म्हटलं, अहो, लस आली, आता नातवंडं भेटायला येतील. तर म्हणाले, हो, पण अठरा टक्के खाली आहे.”

मागून दाजींचा आवाज आला, “तसं नाही म्हटलं मी!”

“मग काय, साथ चालू राहावी असं म्हणताय का?”

“साथ नको गं. तपासण्या चालू राहाव्यात, एवढंच.”

दाजी वाईट माणूस नाहीत. टाळेबंदीत शेजारच्या दोन म्हाताऱ्यांची औषधं तेच आणून देत होते. पण पैसा माणसाला कुठल्या बाजूला नेऊन बसवतो हे त्याला बसल्यावर कळतं. आजार कमी झाला की आपलं कमी होतं, असा व्यवहार एकदा केला, की भला माणूसही रोजच्या रुग्णसंख्येकडे दोन चेहऱ्यांनी बघू लागतो. दाजींनाही ते जाणवलं असावं, कारण त्यानंतर काही दिवस त्यांनी रुग्णसंख्येची बातमी ताईसमोर बघणं बंद केलं.

पुढची हकिकत लवकर सांगता येते, कारण ती सगळ्याच कंपन्यांची थोड्याफार फरकाने सारखी आहे. अवॅक्टाची पट्टी अखेर झाली. जून २०२१ मध्ये तिला युरोपात विक्रीची मोकळीक मिळाली. पण जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनवर ती हवी तशी काम करत नाही असं दिसल्यावर, कंपनीने स्वतःहून विक्री थांबवली. कंपनीचं दुसरं काम कर्करोगाच्या औषधाचं होतं. त्यामुळे दोन वर्षं विषाणूतज्ज्ञ असलेले तिचे भागधारक एका आठवड्यात कर्करोगतज्ज्ञ झाले आणि नव्या संज्ञा पाठ करायला बसले. १ एप्रिल २०२२ पासून इंग्लंडने सर्वसामान्यांना फुकट पट्ट्या देणं बंद केलं आणि बाजारच आटला. खरा माल विकणाऱ्या नोव्हासिटचंही सुखासुखी झालं नाही. मालाच्या गुणवत्तेवरून ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याशी वाद झाला, खात्याने १३ कोटी ४६ लाख पौंड मागितले आणि जून २०२४ मध्ये कंपनीने ५० लाख पौंड देऊन तडजोड केली. तोवर दहा पौंडांचा शेअर पुन्हा पेन्सांत आला होता.

अमेरिकेत तर दोन टोकं दिसली. एकीकडे कॅलिफोर्नियातली ॲरेइट. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर कोरोना ओळखतो, असे दावे तिने केले. एप्रिल २०२० मध्येच नियामकांनी तिच्या शेअरचे व्यवहार थांबवले आणि २०२२ मध्ये तिच्या अध्यक्षाला न्यायालयात फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं गेलं. दुसरीकडे, त्याच कॅलिफोर्नियातली ल्युसिरा. हिची तपासणी अस्सल. घरी करायची, अर्ध्या तासात रेणूपातळीवरचा निकाल देणारी, अमेरिकेत अशी परवानगी मिळालेली पहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये १७ डॉलरला शेअर विकून ती बाजारात आली. कोरोना आणि फ्लू दोन्ही एकाच वेळी ओळखणाऱ्या घरगुती किटच्या परवानगीची वाट बघता बघता तिचे पैसे संपले. २२ फेब्रुवारी २०२३ ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. २४ फेब्रुवारीला परवानगी आली. पुढे तिची मालमत्ता फायझरने घेतली. तपासणी खरी ठरली, शास्त्रज्ञ खरे ठरले, आणि सतरा डॉलर देणाऱ्याच्या हाती काही उरलं नाही. दाजींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. ते गप्प बसणं खरंच वेगळं होतं.

आता मूळ मुद्दा. दाजींना दोन आकडे पाठ होते, पण तपासणीच्या शास्त्रात तिसराही एक आकडा असतो आणि तो पट्टीच्या खोक्यावर छापलेला नसतो. जिथे तपासणी करताय तिथे मुळात आजारी किती आहेत, हा तो आकडा. एक हिशेब करून बघा. हजार माणसं, त्यांत खरे बाधित फक्त दहा. तपासणी चांगली, बाधितांतले नव्वद टक्के पकडणारी आणि निरोगी लोकांपैकी सत्त्याण्णव टक्क्यांना बरोबर सोडणारी. दहापैकी नऊ बाधित सापडले. उरलेल्या नऊशे नव्वद निरोगी लोकांपैकी तीन टक्क्यांवर, म्हणजे सुमारे तीस जणांवर, चुकून रेघ उमटली. एकूण एकोणचाळीस जणांच्या हातात दोन रेघांची पट्टी आहे आणि त्यांतले खरे बाधित नऊच. पट्टी चांगली असूनही चारांतल्या तिघांहून जास्त जणांना तिने उगाच घाबरवलं. दोष पट्टीचा नाही. आजारच दुर्मीळ होता.

वीसपट-पन्नासपट होणारा शेअर हा असाच दुर्मीळ आजार आहे. समजा दाजींची पारख खरोखर उत्तम, खोक्यातल्या पट्टीइतकी. तरीही त्यांना ‘हीच ती’ असं ज्या ज्या कंपनीकडे बघून वाटेल, त्यांतल्या बहुतेक ‘ती’ नसणार. इथे अक्कल कमी पडत नाही. मुळात ‘ती’ असणाऱ्या कंपन्याच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. आणि आपली पारख त्या पट्टीइतकी तरी चांगली असते का? मौनालाही होकार समजणारी आपली मनं. शिवाय ल्युसिराने दाखवलं तसं, किट खरं ठरल्यावरही मध्ये सरकार असतं, स्पर्धक असतात, विषाणूचा नवा अवतार असतो, तिजोरीतली शिल्लक असते. एवढे सगळे दरवाजे एकामागून एक उघडले तर नफा. आणि मधे एखादा जरी उघडला तरी भागधारक पेढे वाटतो.

हा हिशेब मी दाजींना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकला, आकडे कागदावर पडताळून बघितले, बरोबर आहेत असं सांगितलं आणि म्हणाले, “पण नऊ जण तर खरे निघाले ना?”

यावर बोलण्यासारखं काही नसतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं सगळं तोट्यातच गेलं असंही मला म्हणवत नाही. दारं बंद, मुलं दूर, मित्र पडद्यावर, अशा वर्षात या माणसाला पावणेसातला उठायला एक कारण होतं. साठीनंतर तो नवं शास्त्र शिकला, त्याने पत्रं लिहिली, आशा धरली, वाद घातले. शेअर त्यांनी अजून विकलेले नाहीत. विचारलं तर ‘लाँग टर्म’ म्हणतात. भाव पडल्यावर प्रत्येक व्यवहार लाँग टर्मच होतो, हे जगातल्या सगळ्याच शेअर बाजारांत सारखं आहे.

पुढची साथ कधी येईल माहीत नाही, पण पुढची टिप नक्की येईल. ती पट्टीची असेल, लशीची असेल, बॅटरीची असेल, नाहीतर बोलणाऱ्या यंत्राची. टिप देणारा तुम्हाला दोन आकडे उत्साहाने सांगेल. तुम्ही त्याला चहा द्या, सगळं ऐकून घ्या आणि मग एवढंच विचारा, की अशा शंभर कंपन्यांतल्या किती शेवटाला पोचल्या? त्याला सांगता आलं नाही तर आशेपुरते, म्हणजे बुडाले तरी घरात सुतक पडणार नाही इतकेच पैसे घाला. आणि पट्टी हवी असेल तर औषधाच्या दुकानातून आणा. तिथे ती शेअरपेक्षा स्वस्त पडते आणि निकालही पंधरा मिनिटांत मिळतो.